गिटारची रिचार्जेबल बॅटरी ऐन कार्यक्रमात का बसते: लक्षणे आणि सोप्यापासून अवघडापर्यंत तपासण्या

आधी लक्षणे. इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये नऊ व्होल्टची चौकोनी रिचार्जेबल बॅटरी वापरत असाल आणि यातलं काही होत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

– बोटांनी हळू वाजवताना आवाज स्वच्छ, पण जोरात स्ट्रमिंग केलं की फाटतो. जाड तारांवर जास्तच.
– रात्री पूर्ण चार्ज करून घातलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलेली.
– आत्ताच चार्ज केलेली बॅटरी असूनही प्रीअँपवरचा (गिटारमध्ये बसवलेल्या, आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या सर्किटवरचा) लाल दिवा लागतो. किंवा याच्या उलट: दिवा लागतच नाही आणि गाण्याच्या मध्यात आवाज एकदम बंद.
– ट्यूनरचा पडदा मंद, किंवा सूर लावता लावता विझतो.
– कुणी वाजवत नसताना स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज.
– केबल हलली की खरखर. आवाज येतो आणि जातो.
– गिटार सुरूच होत नाही, केबल काढून पुन्हा घातली की होते.

मी पुण्यात गिटार शिकवते. विद्यार्थ्यांच्या आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मित्रांच्या गिटारी याच तक्रारी घेऊन माझ्याकडे येत राहतात, गणपतीच्या आधी तर रांगच लागते. बहुतेकजण येतानाच निष्कर्ष काढून येतात: "रिचार्जेबल बॅटरी गिटारला चालतच नाही." चालते. मी स्वतः कित्येक वर्षं तीच वापरते आहे. फक्त ती साध्या बॅटरीसारखी वागत नाही. गिटारवरचा तो लाल दिवा साध्या अल्कलाइन बॅटरीचा विचार करून बसवलेला असतो, आणि निम्म्या गैरसमजाचं मूळ तिथेच आहे.

फरक कुठे आहे

अल्कलाइन बॅटरी नवी असताना साडेनऊ व्होल्टच्या आसपास असते आणि वापराबरोबर हळूहळू, उतारावरून उतरावं तशी खाली येते. सात व्होल्टच्या सुमारास ती संपत आलेली असते. दिवा त्याच्या आसपास लागतो, म्हणजे तुम्हाला पुरेशी आगाऊ सूचना मिळते.

निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी वेगळी. ती आतून छोट्या छोट्या सेलची माळ असते, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. माळेत सात सेल असतील तर ८.४ व्होल्ट, सहा असतील तर ७.२, आठ असतील तर ९.६. बाजारात तिन्ही मिळतात आणि वेष्टनावर तिन्हींना "नऊ व्होल्ट" म्हटलेलं असतं! अशी बॅटरी बराच काळ एकाच पातळीवर राहते आणि शेवटी कड्यावरून पडावी तशी कोसळते. दिवा लागला की गाणं पूर्ण होईल एवढाही वेळ कधी कधी मिळत नाही.

तिसरी जात लिथियम आयनची, बाजूला यूएसबीचं भोक असलेली. हिच्यात बहुधा दोन सेल असतात, पूर्ण भरल्यावर ८.४ आणि सरासरी ७.४ व्होल्ट. काहींच्या पोटात व्होल्टेज वाढवून नऊवर स्थिर ठेवणारं सर्किट असतं. ते शेवटच्या क्षणापर्यंत नऊ व्होल्ट देतं आणि मग सरळ बंद होतं. दिव्याला कळायला काही उरतच नाही.

साठवणही निराळी. अल्कलाइनमध्ये साधारण ५०० मिलीअँपिअर-तास (किती मिलीअँपिअर प्रवाह किती तास पुरेल याचं माप) असतात, निकेलच्या बॅटरीत १५० ते ३००. म्हणजे आधी महिनोन्‌महिने बॅटरीकडे न बघणाऱ्याला आता साधारण निम्म्या वेळातच बघावं लागणार. हा बिघाड नव्हे, हिशोब आहे.

१. केबल आणि ट्यूनर (खर्च शून्य)

गिटारला वेगळं बटण नसतं, केबलच बटण असते. केबलची पिन जिथे जाते तो जॅक आतून स्टिरिओ असतो, म्हणजे त्याला एक जादा पातं असतं. साधी मोनो पिन आत गेली की ती जॅकची दोन पाती एकमेकांना जोडते आणि बॅटरीची ऋण बाजू सर्किटला मिळते. पिन आत आहे तोवर प्रीअँप चालू. अँप्लिफायर बंद असला तरी, आवाजाचा नॉब शून्यावर असला तरी, तुम्ही जेवायला गेलात तरी.

हल्ली यात आणखी एक भर पडली आहे. केबलऐवजी लावायची वायरलेसची छोटी ठोकळी बरेचजण जॅकमध्येच ठेवून गिटार केसमध्ये घालतात. ठोकळी बंद केली म्हणून गिटार बंद होत नाही, कारण पिन आतच असते. माझ्याकडे आलेल्या "रात्रीत बॅटरी उतरते" या तक्रारींपैकी सर्वांत जास्त तक्रारी इथेच संपल्या. ट्यूनरचंही तसंच: पुष्कळ गिटारींत तो केबल नसतानाही चालतो आणि सगळे ट्यूनर आपोआप बंद होत नाहीत.

रिचार्जेबलच्या बाबतीत ही चूक जास्त महाग पडते. अल्कलाइन अशी रिकामी झाली तर एक बॅटरी गेली, एवढंच. पण सात सेलच्या माळेत सगळे सेल एकसारखे कधीच नसतात. सगळ्यांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे सहा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्यामुळे तो उलटा चार्ज होतो. असं दोन-चार वेळा झालं की तो सेल कायमचा जातो. केबल दोन दिवस राहिली, नंतर बॅटरी पूर्ण चार्ज केली, तरी पूर्वीसारखी टिकत नाही, याचं कारण हे.

दर वेळी वाजवणं संपलं की पिन बाहेर, ट्यूनर बंद. आठवडाभर एवढं पाळून बघा आणि मगच पुढे जा.

२. बॅटरीवर काय लिहिलंय ते वाचा (खर्च शून्य)

७.२ व्होल्ट लिहिलं असेल तर शोध इथेच थांबला. ही बॅटरी सुरुवातीपासूनच दिव्याच्या उंबरठ्यावर असते. आवाजही फाटणारच. पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागातून, येणारा जोराच्या स्ट्रमिंगचा झटका मोठा असतो, प्रीअँपला तो वाढवायला वरखाली जागा लागते, आणि ती जागा बॅटरीच्या व्होल्टेजइतकीच असते. जागा कमी पडली की लाटेचे माथे कापले जातात. आपल्याला आवाज फाटलेला ऐकू येतो. सात सेलवाली घ्या. आठ सेलची बॅटरी चार्जरवरून काढल्या काढल्या अकरा व्होल्टपर्यंत असू शकते, म्हणून ती घेण्याआधी गिटारच्या माहितीपत्रकात किती व्होल्ट चालतात ते पाहा. लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

वेष्टनावर ६एफ२२ किंवा ६एलआर६१ असेल तर ती रिचार्जेबल नाहीच. पहिली झिंक-कार्बन, दुसरी अल्कलाइन. ती चार्जरला लावू नका, गळते आणि फुटूही शकते. घाईत ही अदलाबदल होते. मी माझ्या रिचार्जेबल बॅटऱ्यांवर हिरवी पट्टी चिकटवून खरेदीचा महिना लिहिते.

३. नवी अल्कलाइन घालून वाजवा

एका बॅटरीच्या किमतीत ही तपासणी प्रश्नाचे दोन तुकडे करते. नव्या अल्कलाइनवर सगळं ठीक चाललं तर दोष बॅटरीत किंवा चार्जरमध्ये, मग ५ आणि ६ वाचा. अल्कलाइनवरही तीच खरखर, तोच बंद पडणारा आवाज असेल तर बॅटरी निर्दोष आहे. ४, ७ आणि ८ कडे जा.

शिट्टीचा निकालही इथेच लागतो. यूएसबीवाली लिथियम बॅटरी काढली आणि शिट्टी थांबली, तर ती बॅटरीच्या पोटातल्या व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटची होती. ते सर्किट फार वेगाने चालू-बंद होत असतं आणि पिकअपचा प्रीअँप नाजूक संकेत ऐकण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे ती कुजबुजही तो पकडतो. यावर उपाय शोधण्यात मी बराच वेळ घालवला. फॉइल गुंडाळलं, फोम लावला. फरक पडला नाही. अशा गिटारला निकेलची बॅटरी वापरा. तीच लिथियम बॅटरी दुसऱ्या एखाद्या उपकरणात उत्तम चालेल.

४. बटणं आणि टोपी साफ करा

बॅटरीच्या डोक्यावरची दोन बटणं आणि त्यांवर बसणारी वायरची टोपी उजेडात नीट पाहा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने तिथे हिरवट थर चढतो. पुण्यातही पावसाळ्यात केस बंद राहिली की चढतो. पूर्वी एखादी अल्कलाइन आत गळली असेल तर पांढरी पूड दिसेल. पुडीसाठी कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा एक थेंब, मग कोरडी काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हिरव्या थराला नुसतं अल्कोहोल बहुतेकदा पुरतं. पॉलिश पेपर वापरू नका. वरचा मुलामा निघाला की गंज आणखी लवकर येतो.

टोपीतलं पाकळ्यांचं बटण सैल झालं असेल तर पकडीने पाकळ्या अगदी हलक्या आत दाबा. रिचार्जेबलमुळे हे जास्त घडतं, कारण बॅटरी वारंवार काढली-घातली जाते. बॅटरी काढताना वायर ओढू नका. टोपीच्या कडेखाली नख घालून उचला.

बॅटरी खणात घट्ट जात असेल तर जोर लावू नका. काही रिचार्जेबल मुळातच किंचित जाड असतात. पण पूर्वी सहज जाणारी बॅटरी आता अडकत असेल तर ती फुगली आहे. खाली "इथे थांबा" पाहा.

५. चार्जर आणि कॅलेंडर

निकेलच्या बॅटरीसाठीचे स्वस्त चार्जर बारीक प्रवाह अखंड देत राहतात आणि कधी थांबायचं ते त्यांना कळत नाही. २०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी २० मिलीअँपिअरने भरायला १४ ते १६ तास लागतात. दिवा हिरवा झाला म्हणून चार तासांत काढली तर ती अर्धीही भरलेली नसते. आठवडाभर लावून ठेवली तर तापून तिचं आयुष्य घटतं. चार्जरवर किती मिलीअँपिअर देतो ते लिहिलेलं असतं. बॅटरीच्या साठवणीला त्या आकड्याने भागा, त्यात निम्म्याच्या आसपास भर घाला, तेवढ्या तासांचा गजर लावा. स्वतः थांबणारा चार्जर मिळाला तर जरूर घ्या, बॅटऱ्यांपेक्षा आधी त्यावर पैसे खर्च करा.

लिथियमची बॅटरी निकेलच्या चार्जरला कधीही लावू नका, बटणं तशीच दिसली तरी. तिला तिच्याच यूएसबी भोकातून चार्ज करायचं.

आता कॅलेंडर. निकेलच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या नुसत्या पडून पहिल्या महिन्यात वीस-तीस टक्के चार्ज गमावतात. म्हापशाला राहणारा माझा एक मित्र रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये वाजवतो. महिन्यातून एकदा चार्ज करायचा आणि दर चौथ्या रविवारी त्याची गिटार बसायची. गिटारमध्ये काहीच दोष नव्हता. आता तो शनिवारी रात्री बॅटरी लावतो, दोन बॅटऱ्या आलटून पालटून. "लो सेल्फ डिस्चार्ज" लिहिलेली बॅटरी मिळाली तर हा त्रास बराच कमी होतो.

६. भार देऊन मोजा

मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. गिटारवाल्याने तो घ्यावाच. पण बॅटरी नुसती मोजून उपयोग नाही. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा विश्रांतीनंतर नऊ व्होल्टच्या आसपास दाखवते, कारण मीटर तिच्याकडून काम करून घेतच नाही.

४७० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर घ्या, त्यावर पिवळा-जांभळा-तपकिरी असे पट्टे असतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला अगदी किरकोळ पैशांत मिळतो. चार्ज झालेली बॅटरी तासभर थंड होऊ द्या, रेझिस्टर दोन बटणांमध्ये जोडा, एक मिनिट थांबा आणि मग व्होल्टेज बघा. यातून साधारण अठरा मिलीअँपिअर वाहतात, म्हणजे ट्यूनर चालू असलेल्या गिटारएवढा किंवा त्याहून जास्त भार.

सात सेलची चांगली बॅटरी इथे साडेआठ किंवा वर राहते. त्यापेक्षा सव्वा व्होल्टच्या आसपास खाली, सव्वासातच्या जवळ जाऊन थांबली, तर माळेतला एक सेल गेलेला आहे. तो परत येत नाही. घसरत घसरत सातच्याही खाली गेली तर ती भरलीच गेलेली नाही किंवा म्हातारी झाली आहे.

रविवारची सकाळ मोकळी असेल तर रेझिस्टर लावूनच ठेवा आणि दर तासाला आकडा लिहा. २०० मिलीअँपिअर-तासांची निरोगी बॅटरी सात व्होल्टला यायला दहा-अकरा तास घेते. पाच तासांत आली तर निम्मी साठवण उरली आहे. सातला आली की लगेच काढा, रात्रभर विसरू नका, नाहीतर उलट्या चार्जचा तोच धोका.

७. गिटार किती प्रवाह खाते

ही तपासणी मला सर्वांत आवडते, कारण तिच्यानंतर अंदाज उरत नाहीत. मीटर २०० मिलीअँपिअरच्या पट्टीवर ठेवा. बॅटरी टोपीत फिरवून एकच बटण जोडा, पण बरोबर जोडीचं, म्हणजे बॅटरीचं गोल बटण टोपीच्या पाकळ्यांत. दुसरी दोन बटणं मोकळी राहतील, त्यांच्यात मीटरच्या दोन सुया टेकवा. या पट्टीवर असताना सुया थेट बॅटरीच्या दोन बटणांवर ठेवू नका, मीटरचा फ्यूज उडतो. खणात स्प्रिंगच्या पट्ट्या असतील तर ही तपासणी सोडून द्या. तिथे बॅटरी उलटी लागून सर्किट जळण्याचा धोका आहे.

पिन बाहेर, ट्यूनर बंद: आकडा शून्य हवा. शून्य नसेल तर जॅक बंद होत नाहीये, आणि रात्रीत बॅटरी का उतरते ते सापडलं.

पिन आत: साध्या प्रीअँपला एक ते पाच मिलीअँपिअर. समजा चार आले. २०० भागिले ४, म्हणजे पन्नास तास. हातात ठेवायला मी त्यातून एक तृतीयांश वजा करते, कारण जुनी बॅटरी कागदावरच्या आकड्याएवढी भरत नाही. उरले तेहतीस-चौतीस. आठवड्याला सहा तास वाजवणाऱ्याला ते पाच आठवडे पुरतील, पण बॅटरी पडून राहूनही चार्ज गमावते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी चार्ज करावी. दिवा लागो वा न लागो.

८. जॅक

खालच्या टोकाचा जॅक हाताने हलवून पाहा. फिरत असेल तर नट सैल आहे. जॅक फिरला की आतल्या वायरी पिळल्या जातात आणि एके दिवशी तुटतात, म्हणून हे लवकर करा. पट्टा अडकवायच्या जॅकच्या दांड्याला आडवं भोक असतं. टोपण काढून त्यात छोटी ॲलन की घाला, ती घट्ट धरून ठेवा आणि मग पान्याने नट आवळा. नुसता नट आवळला तर आतला जॅक त्याच्याबरोबर फिरतो.

पिन घातल्यावर गिटार कधी सुरू होते, कधी नाही, तर आतलं पातं मळलं किंवा वाकलं आहे. पिनेवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा आणि ती दहा-बारा वेळा आतबाहेर करा. थेट भोकात फवारू नका, लाकडावर जातो. केबलही पाहून घ्या. पिनेवर एकच काळी रिंग हवी. दोन असतील तर ती स्टिरिओ केबल आहे आणि तिने प्रीअँपला बॅटरी नीट मिळत नाही.

दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या गिटारींना हा सगळा त्रास कमी असतो. रिचार्जेबल घातल्यावर तीनऐवजी २.४ व्होल्ट मिळतात, त्यामुळे दिवा लवकर लागू शकतो, पण सेलची साठवण १९००-२००० मिलीअँपिअर-तास असते. माहितीपत्रकात रिचार्जेबल चालते म्हटलं असेल तर बिनधास्त वापरा. दोन्ही सेल एकाच वयाचे ठेवा.

इथे थांबा

बॅटरी फुगली, हाताला गरम लागली, गोडसर किंवा जळका वास आला: वाजवणं थांबवा, बॅटरी काढून लाकूड-कापडापासून दूर, मोकळ्या फरशीवर ठेवा. पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानात विचारा किंवा जवळच्या ई-कचरा केंद्रात द्या.

तारांना हात असताना माइकला ओठ लागून झटका बसला: यात नऊ व्होल्टच्या बॅटरीचा काहीही संबंध नाही. मांडवातल्या वीजजोडणीच्या अर्थिंगमध्ये दोष आहे आणि तो जीव घेऊ शकतो. तारांवरून हात काढा, साउंडवाल्याला मुख्य वीज बंद करायला सांगा, इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत कुणालाही वाजवू देऊ नका. आयोजक घाई करतील. तरीही नाही.

पिन बाहेर असताना प्रवाह वाहतोय आणि जॅक साफ करूनही थांबत नाही, किंवा वायर जॅकपासून तुटली आहे, किंवा एकाच तारेचा आवाज कमी येतो, म्हणजे ब्रिजखालच्या पिकअपचा प्रश्न आहे, किंवा गिटार अजून वॉरंटीत आहे: साउंडहोलमधून हात घालून सोल्डरिंग करू नका. आतल्या लाकडी पट्ट्या नाजूक असतात, आणि तापलेल्या सोल्डरचा एक थेंब वरच्या फळीला कायमचा डाग देतो. लुथिअरकडे, म्हणजे गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, द्या.

देताना चार ओळी लिहून द्या: कोणत्या जातीची बॅटरी होती आणि तिच्यावरचे व्होल्ट, नव्या अल्कलाइनवर काय झालं, पिन बाहेर आणि पिन आत असताना किती मिलीअँपिअर आले, आणि केबल हलवल्यावर आवाज बदलतो का. माझ्या ओळखीचे दुरुस्तीवाले असा कागद असलेली गिटार आधी हातात घेतात.